शेवटच्या दिवसांचं शिक्षण नर्सिंग होमपर्यंत कसं पोहोचलं

तुमच्यापैकी ज्यांचा जन्म मुंबई, पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरला झाला, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या जन्मदाखल्यावर कुठल्या तरी नर्सिंग होमचं नाव असेल. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे एखाद्या डॉक्टरांचं दहा-पंधरा खाटांचं छोटं खाजगी हॉस्पिटल. मराठी पाटीवर त्यालाच ‘शुश्रूषागृह’ लिहितात. तुम्ही आता ज्या देशात राहता, तिथे बहुधा हाच शब्द आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलेला आहे. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये नर्सिंग होम म्हणजे जिथे म्हातारी, परावलंबी माणसं राहायला येतात आणि बहुतेक वेळा तिथून परत घरी जात नाहीत. या दोन्ही देशांत साधारण पाचातला एक मृत्यू अशा घरांमध्ये होतो.

मग साधा प्रश्न. इतक्या लोकांचा मृत्यू जिथे होतो, तिथे पहाटे तीन वाजता त्यांच्या उशाशी कोण असतं? डॉक्टर नसतातच. नर्स असलीच तर पूर्ण मजल्याला एक. जवळ असतो तो केअर असिस्टंट, अमेरिकेत ज्याला नर्सिंग असिस्टंट म्हणतात तो. आंघोळ घालणारा, भरवणारा, कूस बदलून देणारा. पगाराच्या उतरंडीत तो सगळ्यात खाली असतो, आणि अनेकदा दुसऱ्या देशातून आलेला असतो. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्यांना हे सांगायला नको. आठवड्याला २० तास काम करायची मुभा असलेल्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण केअर होममध्ये शिफ्ट करतात. २०२२ च्या फेब्रुवारीत ब्रिटनने केअर वर्कर्सना व्हिसा द्यायला सुरुवात केली तेव्हा त्या वाटेने आलेल्यांत भारतीय मोठ्या संख्येने होते. २०२५ च्या जुलैत ती वाट बाहेरून येणाऱ्या नव्या लोकांसाठी बंद झाली, पण आलेली माणसं कामावर आहेतच.

या माणसाला मरणासन्न व्यक्तीची काळजी घ्यायला कोण शिकवतं? हल्ली बरंचसं शिक्षण स्क्रीनवरून होतं: ऑनलाइन धडे, व्हिडिओ कॉलवरचे वर्ग. पण स्क्रीन या गोष्टीत बऱ्याच उशिरा येते. आधी काय झालं ते बघू, कारण त्याशिवाय स्क्रीनने काय सोडवलं आणि काय तसंच राहिलं हे कळत नाही.

एका खिडकीसाठी ५०० पौंड

आजच्या हॉस्पिस चळवळीची गोष्ट सिसिली सॉन्डर्स यांच्यापासून सांगतात. त्या आधी नर्स होत्या. पाठदुखीमुळे ते काम सुटलं आणि त्या हॉस्पिटलमध्ये समाजसेविका झाल्या. तिथे डेव्हिड तास्मा नावाचा पोलंडहून आलेला एक ज्यू निर्वासित त्यांना भेटला. त्याला कॅन्सर होता आणि लंडनमध्ये त्याचं जवळचं असं कुणी नव्हतं. १९४८ मध्ये तो गेला, तेव्हा त्याने सॉन्डर्स यांच्या मनातल्या भावी घराला एक खिडकी म्हणून ५०० पौंड मागे ठेवले. ते घर उभं राहायला १९ वर्षं लागली. मधल्या काळात सॉन्डर्स वैद्यकीय शिक्षण घेऊन १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि १९६७ मध्ये लंडनच्या सिडनहॅम भागात सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं.

त्यांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली, वेदना असह्य होईपर्यंत न थांबता ठरलेल्या वेळेला औषध द्यायचं. लंडनमधल्या सेंट ल्यूक्स या जुन्या घरात स्वयंसेविका असताना ही पद्धत त्यांनी तिथल्या नर्सेसकडे पाहिली होती. दुसरी, वेदना फक्त शरीराची नसते. मनाची, नात्यांची, पैशाच्या काळजीची आणि श्रद्धेची वेदना एकत्र धरूनच तिच्यावर उपाय करावा लागतो. सेंट ख्रिस्तोफर्स सुरुवातीपासून शिकवणारी संस्था होती, पण शिकायचं तर तिथे जावं लागे. ज्ञान त्या घरात होतं, त्या खाटांपाशी.

अमेरिकेत पहिलं हॉस्पिस १९७४ मध्ये कनेटिकटला निघालं, येल विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलच्या प्रमुख राहिलेल्या फ्लोरेन्स वाल्ड यांच्या पुढाकाराने. १९८२ मध्ये काँग्रेसने हॉस्पिसला मेडिकेअरचे पैसे देऊ केले, पण एका अटीवर: रुग्ण सहा महिन्यांहून जास्त जगणार नाही असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं. ही अट कॅन्सर डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती. कॅन्सरमध्ये शेवटची उतरण पुष्कळदा दिसते. नर्सिंग होममधली आजी अशी जात नाही. डिमेन्शिया, हृदयविकार, मोडलेलं खुब्याचं हाड, वारंवार होणारा न्यूमोनिया, यांतून ती वर्षानुवर्षं थोडी थोडी खचत जाते. तिचे सहा महिने कधी सुरू झाले हे सांगणार कोण?

शेजारी शेजारी, पण वेगळ्या वाटांनी

हॉस्पिस वाढत होतं त्याच काळात नर्सिंग होम वेगळ्याच कारणांनी वाढत होतं. अमेरिकेत १९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड आले, सरकारी पैसा वाहू लागला, आणि नर्सिंग होम हा मोठा, बहुतांशी खाजगी नफ्यावर चालणारा धंदा झाला. आबाळीच्या कहाण्या बाहेर येत राहिल्या. १९८६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने यावर अहवाल दिला आणि १९८७ च्या कायद्याने पहिल्यांदा देशभर नियम केला की नर्सिंग असिस्टंटला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण हवंच.

७५ तास म्हणजे पूर्णवेळ कामाचे दोन आठवडेसुद्धा नाहीत. त्यात नाडी मोजण्यापासून अंथरूण बदलण्यापर्यंत सगळं बसवायचं. या अभ्यासक्रमाच्या केंद्रीय नियमांत ‘मृत्यू जवळ आलेल्या रहिवाशाची काळजी’ ही फक्त एक ओळ आहे, उंची-वजन घेण्याच्या यादीतच. ज्या घरात मृत्यू ही नेहमीची गोष्ट आहे, तिथल्या माणसाला त्याबद्दल शिकवायला कायद्याने दिलेली जागा एवढीच.

ब्रिटनमध्ये फारसं वेगळं घडलं नाही. २०१५ मध्ये इंग्लंडने नव्या केअर असिस्टंटसाठी ‘केअर सर्टिफिकेट’ आणलं. त्याची १५ मानकं होती: संवाद, सन्मान, खाणंपिणं, संसर्ग टाळणं, माहितीची गोपनीयता वगैरे. त्यात बंद पडलेलं हृदय पुन्हा चालू करण्याच्या प्राथमिक प्रयत्नांना स्वतंत्र मानक होतं. शांतपणे मरू देण्याला नव्हतं.

मग मरणाबद्दलचं शिक्षण गेलं कुठे? ते आधी वरच्यांकडे गेलं. १९९५ मध्ये अमेरिकेत ‘सपोर्ट’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच हॉस्पिटलं, नऊ हजारांवर गंभीर आजारी रुग्ण. शुद्धीवर असलेले जे रुग्ण गेले, त्यांच्यातल्या निम्म्यांना शेवटच्या दिवसांत बराच वेळ चांगल्यापैकी वेदना होत्या असं घरच्यांनी सांगितलं. मोठी खळबळ उडाली. १९९९ मध्ये डॉक्टरांसाठी ‘एपेक’ हा अभ्यासक्रम निघाला, २००० मध्ये नर्सेससाठी ‘एल्नेक’. दोन्हींची पद्धत एकच: आधी शिकवणारे तयार करायचे, त्यांनी परत जाऊन आपल्या संस्थेत शिकवायचं. पाणी वरून ओतलं की खालपर्यंत झिरपेल अशी कल्पना. नर्सिंग होमच्या रात्रपाळीपर्यंत त्यातलं किती झिरपलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

गरज मात्र खालीच होती. २००९ मध्ये सुसान मिचेल आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. बॉस्टन भागातल्या २२ नर्सिंग होम्समधल्या, डिमेन्शिया शेवटच्या टप्प्यात पोहोचलेल्या ३२३ जणांकडे त्यांनी १८ महिने लक्ष ठेवलं. तेवढ्या काळात निम्म्याहून थोडे जास्त गेले, आणि दहातल्या आठ-नऊ जणांना खाण्यागिळण्याचा त्रास झाला. डिमेन्शिया हा जीव घेणारा आजार आहे, हे त्या आकड्यांतून स्पष्ट दिसलं. आणखी एक गोष्ट दिसली. पुढे काय होणार आहे हे घरच्यांना कळलेलं असलं, तर शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलची धावपळ, नळ्या, सुया हे सगळं कमी होत होतं. म्हणजे कुणीतरी बसून नीट सांगितल्याने फरक पडत होता. ते सांगणाराच शिकलेला नसेल तर?

पोस्टाने, टीव्हीवरून, मग क्लिक करून

दुरून शिकवणं ही इंटरनेटची देणगी नाही. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ओमाहाच्या मनोविकार संस्थेने ११२ मैलांवरच्या नॉरफोक इथल्या सरकारी हॉस्पिटलशी दोन्ही बाजूंनी दिसेल-ऐकू येईल असा टीव्हीचा दुवा जोडला होता. शिकवणं आणि सल्ला देणं दोन्ही त्यावरून चाले. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत १९७१ पासून लोक नोकरी करता करता घरबसल्या शिकत होते, आणि १९९० च्या दशकात तिथे मृत्यू या विषयावरचा अभ्यासक्रमही होता. आपल्याकडे नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पुस्तकं पोस्टाने घरी आलेली तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील, कल्पना तीच.

२००८ मध्ये इंग्लंडने आयुष्याच्या शेवटच्या काळातल्या काळजीचं पहिलं राष्ट्रीय धोरण आणलं. आरोग्य खात्याने त्यापाठोपाठ ऑनलाइन धड्यांचा मोठा संच तयार करवून घेतला. शंभराहून अधिक छोटे धडे: वेदना कशी ओळखावी, कुटुंबाशी कसं बोलावं, शेवटच्या दिवसांत श्वास कसा बदलतो. एकट्याने, आपल्या वेळेला, कंप्युटरसमोर बसून शिकायचं.

या पद्धतीचा फायदा खरा आहे. श्वास थांबून थांबून येतो तेव्हा तो बहुतेक मरणाच्या जवळचा बदल असतो. घशात घरघर होते तेव्हा ऐकणाऱ्याला जितका त्रास होतो तितका त्या माणसाला बहुधा होत नसतो. ओठ आणि तोंड ओलं ठेवणं हे शेवटच्या दिवसांतलं फार मोठं काम आहे. हे ज्याने कधी ऐकलेलं नाही, तो रात्री घाबरून अॅम्ब्युलन्स बोलावतो. मग ९० वर्षांची बाई अनोळखी दिव्यांखाली, स्ट्रेचरवर जाते. एक चांगला धडा हे टाळू शकतो.

मर्यादाही खऱ्या आहेत, आणि त्या काळात ब्रिटनला त्याची कडू चव मिळाली. लिव्हरपूलमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी एक मार्गदर्शक आराखडा तयार झाला होता. हॉस्पिसमध्ये शेवटच्या दिवसांत जी काळजी घेतली जाते तीच इतरत्र मिळावी हा त्याचा हेतू होता. तो देशभर पसरला. हळूहळू तक्रारी येऊ लागल्या: आमच्या माणसाला ‘त्या यादीत’ टाकलं, आम्हाला विचारलं नाही, पाणी दिलं नाही. २०१३ मध्ये बॅरोनेस ज्युलिया न्यूबर्गर यांच्या समितीने अहवाल दिला. प्रशिक्षित हातांत तो आराखडा चांगला चालत होता, पण अनेक ठिकाणी चौकोनात बरोबरची खूण करण्याचं काम होऊन बसला होता, असं त्यात नोंदवलं आणि तो बंद करायला सांगितलं. कागद सगळीकडे गेला होता, मात्र तो वापरण्याची समज त्याच्या मागे मागे गेली नव्हती. ऑनलाइन धड्याचंही असं होऊ शकतं. शिफ्ट संपल्यावर, अर्धवट झोपेत, ‘पुढे’ ‘पुढे’ दाबत सर्टिफिकेट काढणं आपण सगळ्यांनीच कुठल्या ना कुठल्या नोकरीत केलंय.

आल्बुकर्कीचे लिव्हरचे डॉक्टर

इथे गोष्ट अचानक न्यू मेक्सिको राज्यात जाते, आणि विषय असतो हेपटायटिस सी. त्याचं कारण लगेच कळेल.

संजीव अरोरा हे भारतातून गेलेले यकृततज्ज्ञ आल्बुकर्कीच्या विद्यापीठात काम करत होते. राज्य आकाराने महाराष्ट्राहूनही थोडं मोठं, वस्ती विरळ, आणि हा आजार नीट हाताळणारे तज्ज्ञ मोजके. त्यांच्या क्लिनिकला आठ-आठ महिने नंबर लागत नसे, आणि उपचारासाठी लोकांना शेकडो मैल गाडी चालवत पुन्हा पुन्हा यावं लागे. २००३ मध्ये त्यांनी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. रुग्णांनी तज्ज्ञाकडे यायचं नाही. दर आठवड्याला गावोगावचे डॉक्टर, नर्सेस, तुरुंगातले दवाखाने व्हिडिओवर एकत्र यायचे आणि आपापल्या रुग्णांबद्दल बोलायचे. २०११ मध्ये त्यांचे निकाल प्रसिद्ध झाले. ४०७ रुग्णांपैकी विद्यापीठात उपचार घेतलेले ५७.५ टक्के बरे झाले, आणि गावांत, तुरुंगांत उपचार घेतलेले ५८.२ टक्के.

बारीक बघा, यात रुग्ण व्हिडिओवर येतच नाही. म्हणून ही टेलिमेडिसिन नव्हे. व्हिडिओवर येतो तो काळजी घेणारा. आणि बैठकीचा थोडाच वेळ व्याख्यानाला असतो. उरलेला वेळ सहभागींपैकी एक जण आपल्याकडची अडचण मांडतो, नाव-गाव लपवून. बाकीचे आधी प्रश्न विचारतात, मग सुचवतात. तज्ज्ञ शेवटी बोलतो.

२०१० च्या दशकात ही पद्धत हॉस्पिसवाल्यांनी उचलली. नॉर्दर्न आयर्लंड हॉस्पिसने ती त्या प्रदेशात रुजवली. शेफिल्डमधल्या सेंट ल्यूक्स हॉस्पिसने आसपासच्या नर्सिंग होम्सना तिच्यात जोडून घेतलं. ज्या ज्ञानासाठी १९६७ मध्ये सिडनहॅमला जावं लागत होतं, ते आता नर्सिंग होमच्या छोट्या ऑफिसात, औषधांच्या कपाटाशेजारी ठेवलेल्या लॅपटॉपवर येऊ लागलं.

अशी एक बैठक डोळ्यांसमोर आणा. समजा, एका घरातली नर्स सांगते की आमच्याकडे ८८ वर्षांच्या बाई आहेत, डिमेन्शिया आहे, महिनाभरापासून खाणं जवळपास सोडलंय. मुलगी म्हणते, नळी घालून भरवा, आईला उपाशी मारू नका. डॉक्टर आठवड्याने येणार. हॉस्पिसची तज्ज्ञ विचारते, त्या काहीच घेत नाहीत का? तेव्हा मागे उभी असलेली केअर असिस्टंट बोलते. दुपारी चमचा पुढे केला की तोंड फिरवतात, पण सकाळी उठल्या उठल्या, खिडकीकडे तोंड करून बसवलं तर चार चमचे आइस्क्रीम घेतात. या एका वाक्याने सगळी चर्चा बदलते. पुढे गेलेल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढत नाही आणि त्रास मात्र वाढू शकतो, म्हणून प्रेमाने हातानेच, जमेल तेवढं भरवावं, असं अमेरिकेतली वार्धक्यतज्ज्ञांची संघटना सांगते. हे तज्ज्ञाला माहीत असतं. सकाळचं आइस्क्रीम तिला माहीत नसतं. मुलीला काय सांगायचं ते या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर कळतं: आईचं खाणं तिचं शरीर आवरतं घेतंय, आम्ही रोज सकाळी तिच्याजवळ बसतोय, तुम्ही या, तुम्हीही भरवा.

आपल्या भाषेतला ‘शुश्रूषा’ हा शब्द इथे उपयोगी पडतो. संस्कृतात ‘श्रु’ म्हणजे ऐकणं, आणि शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. शिष्याने गुरूचं ऐकणं, त्यातून गुरूची सेवा आणि पुढे आजाऱ्याची सेवा असा अर्थ सरकत गेला. एकोच्या चांगल्या बैठकीत जे घडतं त्याला मला याहून नेमका शब्द सापडत नाही. आजवर शिक्षण वरून खाली ओतलं जात होतं. इथे पहिल्यांदा खालच्या माणसाला काय दिसलं ते विचारणं हाच शिक्षणाचा भाग झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला महत्त्वाचा बदल हा आहे. व्हिडिओचं तंत्र त्याच्या मदतीला आलं, इतकंच.

२०२० आणि त्यानंतरचा हिशेब

२०२० च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंड गावच्या एका नर्सिंग होममध्ये कोविडचा उद्रेक झाला. १३ मार्चला अमेरिकन सरकारने सगळ्या नर्सिंग होम्सना भेटी बंद करायला सांगितलं. शेवटच्या घटकेसाठी अपवाद होता, पण व्यवहारात असंख्य माणसं कुटुंबाविना गेली. ज्याला ७५ तासांत एका ओळीपुरतं मरण शिकवलं होतं, तो कर्मचारी आता एका हातात टॅब्लेट धरून मुलांना आईचं शेवटचं दर्शन घडवत होता. तुमच्यापैकी काहींनी त्याच काळात भारतातल्या आजी-आजोबांचा निरोप फोनच्या स्क्रीनवर घेतला असेल. तेव्हा तिकडे फोन कुणी धरला होता, आठवून बघा.

त्या शरद ऋतूत अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने एकोच्याच पद्धतीने देशभराचं जाळं उभं केलं. देशातल्या सुमारे १५ हजार नर्सिंग होम्सपैकी नऊ हजारांहून अधिक त्यात आली. दर आठवड्याला एक बैठक, १६ आठवडे. भर संसर्ग रोखण्यावर होता, पण एवढ्या घरांतले कर्मचारी एकाच वेळी शिकायला बसू शकतात हे दिसलं. तोवर खूप उशीर झाला होता. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतल्या अशा घरांमधले दोन लाखांहून अधिक रहिवासी आणि कर्मचारी कोविडने गेले होते.

आता प्रामाणिकपणे विचारू: अशा शिक्षणाने मरण सुसह्य होतं का? या बाबतीत सगळ्यात मोठ्या प्रयोगांपैकी एक युरोपात झाला. ‘पेस’ हे त्याचं नाव. सात देश, ७८ नर्सिंग होम्स, वर्षभराचं पायरीपायरीचं प्रशिक्षण, तेही समोरासमोर. २०१९ मध्ये निकाल आले. शेवटच्या महिन्यातल्या काळजीचा दर्जा सुधारलेला दिसला. पण शेवटच्या आठवड्यातला आराम, जो मुख्य हेतू होता, त्यात फरक दिसला नाही. कर्मचाऱ्यांच्या ज्ञानातही म्हणावी तशी भर पडली नाही.

हे वाचून शिकवणं व्यर्थ आहे असं म्हणण्याआधी दुसरा एक आकडा बघा. २०१७-१८ मध्ये अमेरिकेतल्या नर्सिंग होम्समध्ये नर्सिंग कर्मचाऱ्यांची वर्षाला सोडून जाण्याची सरासरी १२८ टक्के होती. म्हणजे १०० जागांमागे वर्षात १२८ वेळा कुणीतरी काम सोडलं. काही घरं अगदीच वाईट असल्यामुळे ही सरासरी फुगते हे खरं. पण मधोमधच्या घरातही आकडा ९४ टक्के होता. ज्याला तुम्ही मार्चमध्ये शिकवलंत तो दिवाळीला तिथे नसतो. आणि जो आहे त्याला बैठकीला बसायचं तर त्याचा मजला कुणी सांभाळायचा? व्हिडिओने अंतर मिटवलं. वेळ आणि माणसं मात्र व्हिडिओ आणून देत नाही, त्याला पैसे लागतात. दूरस्थ प्रशिक्षण स्वस्त म्हणून विकलं जातं. पण त्यातली खरी किंमत शिकणाऱ्याच्या पगारी तासाची आहे, आणि तीच बहुतेक वेळा अंदाजपत्रकात नसते.

तिकडे आपल्या घरी

तुम्ही म्हणाल, हे अमेरिका-ब्रिटनचं झालं. भारतातही वाट आहे. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये डॉ. लुईस डिसूझा यांनी सुरू केलं. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर आणि प्रशिक्षण केंद्र आहे. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने ते थोडं सुकर झालं. त्यामागे बरीच वर्षं धडपडलेल्यांत केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल होते. त्यांच्या पॅलियम इंडिया या संस्थेने एकोची पद्धतही उचलली आणि त्रिवेंद्रमहून देशभरातल्यांना जोडून घेतलं.

पण आपल्या बहुतेकांच्या घरी चित्र वेगळं असतं. आजी घरातच असते, आणि ‘ब्यूरोतून बाई ठेवलेली’ असते. बारा तासांची मावशी, किंवा रात्रीचे मामा. काही ठिकाणी वृद्धाश्रम असतो आणि तिथल्या मावश्या. अमेरिकेतल्या नर्सिंग असिस्टंटचं जे काम, तेच यांचं. त्यांना ७५ तासही कुणी देत नाही, तरी आजीबद्दल सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत असतं: कुठल्या कुशीवर तिला दुखतं, पाणी कुणाच्या हातून घेते, रात्री कुणाला हाका मारते. रविवारी व्हिडिओ कॉलवर आपण डॉक्टर काय म्हणाले ते विचारतो. मावशींना फोन द्यायला सांगतो का?

तुम्ही स्वतः अशा घरात शिफ्ट करत असाल तर हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे: शेवटच्या काळातल्या काळजीचं प्रशिक्षण आहे का, ते पगारी वेळेत आहे का, रात्रपाळीला ते मिळतं का, आणि मध्यरात्री काही झालं तर हॉस्पिसच्या कुठल्या नंबरवर फोन करायचा. तुमच्या ओळखीचं कुणी अशा घरात राहत असेल तर भेटायला जाल तेव्हा हेच मॅनेजरला विचारा. आणखी एक विचारा: वेदना, धाप, बेचैनी यांची औषधं वेळ येण्याआधीच आणून ठेवलेली आहेत का? ब्रिटनमध्ये चांगल्या घरांत ती ठेवतात, म्हणजे रविवारी रात्री औषधाचं दुकान शोधत फिरावं लागत नाही.

आणि भारतात फोन कराल तेव्हा मावशींशी पाच मिनिटं बोला. आजी सकाळी काय खाते ते विचारा. त्या जे सांगतील ते लिहून घ्या आणि डॉक्टरांना कळवा.